गोळीचे डोहाळे

(दिवेआगर, १९६३. शिमग्याच्या आधीची दुपार. माजघरात सासू-सून, आतल्या खोलीत पाळणा.)

सासूबाई : लाजतेस काय गो? घे आणखी एक आमसूल. मी का कुणाला सांगायला जात्ये?

कुमुद : आई, शेजारच्या नीराबाईंना तुम्ही सांगितलंत. काल त्यांनी माझ्या हातातली कळशी काढून घेतली.

सासूबाई : नीरा का परकी आहे? बाकी कुणाला नाही हो. तुळशीराम सुपारी घेऊन मुंबईस निघाला, तेव्हा माधवाला तेवढा निरोप धाडला.

कुमुद : यांना? काय म्हणून?

सासूबाई : म्हटलं, सांग त्याला, अनंताला भावंड येतंय.

कुमुद : आई! हे गणपतीला येऊन गेले ते गेलेच. आता शिमगा आला. तुमचे चिरंजीव कचेरीत दिवसभर हिशेबच तपासतात हो!

सासूबाई : मग सहावा म्हणायचा. तुझं पोट मेलं दिसतच नाही. अनंताच्या वेळी तरी कुठे दिसत होतं?

कुमुद : अनंताच्या वेळी पोट अडलं म्हणून तुम्ही मला न्हाणीच्या दारातून आडवी बाहेर काढली होतीत.

सासूबाई : विषय बदलू नकोस. तोंडाला कोरड, उठलीस की भोवळ, बसल्या जागी घाम. सकाळी परसाकडे जातेस ती इतका वेळ, की मी मागल्या दाराशी ताटकळत्ये. वर पोराचं अंगावरचं दूध तोडलंस. याला काय म्हणतात?

कुमुद : गोळी.

सासूबाई : कसली गोळी?

कुमुद : औषधाची. माघात रेवदंड्याला माहेरी गेले होते ना, तेव्हा दादानं यांनाही न कळवता मुंबईला डॉक्टरांकडे नेलं. मनाच्या. अंगावरचं तोडा, असं त्यांनीच सांगितलं. शिवाय म्हणाले, तोंड सुकेल, हात कापतील, पोट साफ होणार नाही, एकदम उठलात तर चक्कर येईल. मी म्हटलं, एवढं सगळं होणार असेल तर मूळचा आजार काय वाईट होता? ते हसलेसुद्धा नाहीत.

सासूबाई : म्हणजे परवाची ती रांगोळी...

कुमुद : कमळ होतं ते.

सासूबाई : नीरा म्हणाली, सुनेनं खेकडा मात्र हुबेहूब काढलाय.

कुमुद : अक्षरंही पुसट दिसतात. गुरुवारी पोथीतला अर्धा अध्याय मी मनानंच रचला. तुम्ही मान डोलावत होतात.

सासूबाई : तरीच! म्हटलं, आज सगळंच कसं कळतंय? ...पण मनाचं औषध म्हणजे गो? वेडाचं?

कुमुद : हा शब्द ऐकायचा नव्हता, म्हणून तर पावडरच्या डब्यात लपवल्या. आता गोळ्यांना पावडरीचा वास येतो, आणि माझ्या तोंडाला दवाखान्याचा. बी.ए.ला मानसशास्त्र होतं माझं, आई. उदासीनतेवर इतकं सुंदर लिहिलं होतं की बाईंनी वर्गात वाचून दाखवलं. आणि स्वतःला झाली तेव्हा मला वाटलं, दुपारचा भात जड होतोय.

सासूबाई : चुलीत घाल आधी त्या गोळ्या. हात कापवणारं कसलं औषध? पोर निसटलं म्हणजे?

कुमुद : त्या भीतीनं मी त्याला उभ्यानं उचलतच नाही. खाली बसते आणि मग घेते. पण गोळ्या चुलीत जाणार नाहीत. आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, त्रास झाला तर मला कळवा, असं डॉक्टरांनी बजावलंय. मी कळवलंय. त्यांचं उत्तर येईपर्यंत घेणार.

सासूबाई : एवढं झालं तरी काय होतं तुला? चारचौघींत हसत तर होतीस.

कुमुद : श्रावणात वाडीतल्या विहिरीवर मी फळ्या टाकून घेतल्या.

सासूबाई : हो, बाळाजीकडून. पोर उद्या रांगेल म्हणून.

कुमुद : पोर तेव्हा कुशीवरसुद्धा वळत नव्हतं, आई.

सासूबाई : मग कशाला गो घेतल्यास?

कुमुद : माझ्यासाठी.

सासूबाई : ...देवा. आणि मी तेव्हा तुला म्हटलं, फळ्या कशा सरळ बसल्यात बघ.

कुमुद : बसल्या होत्याच सरळ.

सासूबाई : हसू नकोस. मला का नाही सांगितलंस?

कुमुद : हिच्या हातात पोर देऊ नका, असं एकदा घरात ठरलं, की मी काय करणार होते? आधी तो रडला की वाटायचं, कुणाचं तरी मूल रडतंय, कुणीतरी बघा. हल्ली वाटतं, माझा रडतोय. पंधरा-वीस दिवस झाले असतील. आता काढून घेतलात तर मात्र मला खरंच वेड लागेल. आणि त्या वेडाच्या गोळीनं काय काय होतं, ते मी विचारून ठेवलेलं नाही.

सासूबाई : नीराला सांगेन, म्हातारीचा अंदाज चुकला. रंगपंचमीपर्यंत हसतील माझ्यावर. हसू देत.

कुमुद : आणि यांना?

सासूबाई : त्याला तू लिही. सगळं लिही, फळ्यांचंसुद्धा.

कुमुद : उठला वाटतं तो.

सासूबाई : तू नको उठूस. भिंतीला टेकून बस नीट. मांडी घाल. मी आणत्ये त्याला तुझ्याकडे.