वारा न लागता

सर: पुन्हा सहा? अगं, चौथं वर्ष आहे तुझं! एक सपाट प्लेट तापवायची, आडवी ठेवायची, तिच्यावरून उष्णता किती निघून जाते ते मोजायचं. आणि उत्तर काय, तर सहा!

ती: अडतीस वेळा मोजलं, सर. अडतीसही वेळा सहाच्याच आसपास.

सर: माझं नऊ आहे. छापून आलेलं आहे. आठ जणांनी त्याच्या जोरावर डॉक्टरेट घेतली.

ती: देवनागरी सहा आरशात धरला की नऊ दिसतो, सर. तसाच छापू?

सर: चेष्टा पुरे. सोमवारी प्रबंध जमा करायचाय. माझी सही हवी असेल तर नऊ आण. नाहीतर घरी जा आणि सांग, चार वर्षं प्लेट तापवत बसले होते म्हणून.

ती: घरचे तसंही रोज विचारतात, 'तापली का गं एकदाची?'

काका: मी मध्ये बोलू का जरा?

सर: काका, तुम्ही लॅबच्या चाव्या सांभाळा. हा थिअरीचा प्रश्न आहे.

काका: तेच म्हणतो मी. बावीस वर्षं हिटरच्या वायरी जोडतोय, थिअरी काही कुणी सांगितली नाही. आज सांगा की.

सर: सोपं आहे हो. प्लेटला लागून असलेली हवा तापते, हलकी होते, आपली आपण वर चढते. तिच्या जागी गार हवा येते. कुणी ढकलायचं नाही, कुणी ओढायचं नाही. म्हणून तर त्याला नैसर्गिक म्हणतात. बाहेरचा वारा कणभरसुद्धा लागता कामा नये!

काका: पंख्याचा?

सर: पंखा लावला तर नैसर्गिक कसलं? ती शुद्ध फसवणूक झाली.

काका: अस्सं होय. मग तुमच्या त्या टेबलफॅनला काय म्हणायचं?

सर: कुठला टेबलफॅन?

काका: हिरव्या पात्यांचा. प्लेटीशेजारीच खुर्ची असायची ना तुमची. उकडतंय म्हणून दिवसभर अंगावर पंखा. चार वर्षांपूर्वी तुम्हाला एसीची केबिन मिळाली, तेव्हा मी तो कपाटात ठेवून दिला.

ती: आणि माझी मोजणी त्यानंतर सुरू झाली! अरे देवा!

सर: काहीतरीच! तो पंखा माझ्याकडे तोंड करून होता, प्लेटकडे नाही.

ती: वाऱ्याला तसं बजावून ठेवलं होतंत का, सर?

सर: जीभ फार चालते हं तुझी. काढा तो पंखा, काका. होऊनच जाऊ दे.

(दीड तासानंतर. पंखा कुरकुरत फिरतोय.)

ती: आठ पूर्णांक नऊ.

काका: नऊच म्हणा ताई. सरांच्या आकड्याला कशाला कमीपणा आणता?

सर: बंद करा तो.

ती: केला. आता हळूहळू सहावर उतरेल. थांबणार आहात?

सर: नको. आण ते पान. कुठे करू सही?

ती: इथे, तुमच्या नावावर. आकडा वरती आहे, नीट वाचून घ्या.

सर: वाचला. झाली सही, जा आता. आणि काका, तुम्ही! इतकी वर्षं डोळ्यांसमोर पंखा फिरत होता आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात?

काका: बोलणाऱ्याचं काय होतं ते एकदा बघितलं होतं, सर.

सर: कुणाचं काय झालं?

काका: तुमच्या हाताखाली तो उंच मुलगा होता बघा. 'सर, पंखा बंद करून मोजू या,' एवढंच म्हणाला बिचारा.

सर: तो आपणहून सोडून गेला.

काका: गेला कुठला, घालवलात. भर हॉलमध्ये उभं केलंत त्याला आणि म्हणालात, 'ह्याच्या डोक्यात हवा गेलीय.' सगळे खो-खो हसले. मी पण हसलो. आजही लाज वाटते.

सर: काय करतो आता?

काका: शिकवण्या घेतो. पोटापुरतं मिळतं.

सर: फोन नंबर आहे का त्याचा?

काका: आहे की. पण बोलला होतात शंभर माणसांत, सर. फोनवर कसं भागेल?