न भाजलेला तरवा

माजं माहेर सावर्ड्याच्या अलीकडचं, बापाच्या पाच पोरींतली मी चौथी, आणि लग्न होऊन आली ती हितं संगमेश्वराकडच्या डोंगरात, तेव्हापासून ह्याच मातीत हाय. तेव्हा धनी मुंबैला गिरणीत, शिमग्या-गणपतीला येणार, म्हंजे घरात माणसं दोन, मी आणि माजे सासरे, नि गोठ्यात बैलजोडी, एक म्हैस, एक गाय. शेतीत बायकांनी बोलायचं नसतं असं सासऱ्यांचं म्हणणं, आणि मला तर बोलल्याबिगर अन्न पचत नाय, आता काय करणार.

तर राब तुम्हाला म्हाईत असंल नसंल, सांगते. भाताची रोपं ज्या तुकड्यात करायची तो तरवा. पावसाच्या आधी त्याच्यावर शेण, वर झाडांचे टहाळे, वर पातेरा म्हंजे सुका पाला, वर माती असं घालून पेटवून द्यायचं, तो राब. राब भाजला तरच रोप जोमानं येतं, असं आजे-पणजे सांगत आले. त्यासाठी आईन-किंजळाच्या फांद्या तोडायच्या. जवळचा डोंगर बोडका झालेला, मग लांब जायचं, सासरे साठीचे, ते झाडावर चढणार आणि मी खाली भारे बांधणार. एकदा त्यांचा पाय सटकला, फांदी धरलानी म्हणून वाचले, आणि मी खाली, हातातला भारा टाकून बुंध्याशी धावली.

पुढच्या दिवाळीला शेतकी खात्याचा एक माणूस देवळात सांगून गेला, की त्यांच्या मळ्यावर राब न भाजता रोपं करून बघितली, शेण जाळू नका, पातेरा गुरांखाली अंथरा, मुतात भिजू द्या, खड्ड्यात कुजवा आणि तरव्यात घाला. पुरुष हसले. मी मागं खांबाशी बसलेली, मला पटलं, गुरं देतात ते आपण जाळून टाकतो, ह्यात शहाणपण कुठलं. घरी येऊन सासऱ्यांना म्हटलं, अर्धा तरवा मला द्या. ते म्हणाले रोप आलं नाय तर भाताची अर्धी खाचरं रिकामी ऱ्हातील, खायचं काय. मी म्हटलं, नाय आलं तर जन्मात शेतीचं बोलणार नाय. मग घे म्हणाले. घर जरा शांत होईल म्हणून दिलानी असणार.

खत माजं काळं, भुसभुशीत, हातात घ्यावंसं वाटायचं. पेरलं, आणि उगवलं काय, तर तण. राबाची आग तणाचं बी जाळते, ते मला सुचलंच नाय, पातेऱ्याबरोबर गवताचं सगळं बी मीच तरव्यात नेऊन घातलेलं. सासऱ्यांचा अर्धा साफ, माजा अर्धा रान. पाण्याला जाणारी एक म्हणाली, म्हशीला चारायला केलंस काय गं. त्या दिवशी मी रडली, खोटं कशाला सांगू.

पण रडून झाल्यावर बसली तरव्यात. कोवळेपणी तण नि भात दिसायला सारखंच, डोळा फसतो. मग मी बोटांनी बघायची, भाताच्या पानाच्या बगलेत बारीक लव लागते, तणाची बगल गुळगुळीत. गुळगुळीत ते उपटायचं. पाच दिवस पावसात डोक्यावर इरलं घेऊन बसली. तिसऱ्या दिवशी सासरे आले, हे काम बायकांचं, पुरुष बसत नायत, पण ते शेजारी बसले, आणि हळूच विचारलानी, बगलेत काय बघायचं ते दाखव.

लावणीला माजं रोप त्यांच्या रोपापेक्षा दोन बोटं कमीच व्हतं, पण बुडाला जाड, आणि पुरलं. एक खाचर रिकामं ऱ्हायलं नाय. पुढच्या साली गाववाले कोयते घेऊन बोलवायला आले तेव्हा सासरे सगळ्यांदेखत म्हणाले, आमच्यात यंदा झाडं तोडायची नायत, तरव्याचं काय ते सुनेला विचारा.

आता ते नायत. अंथरुणात गेले, झाडावरून नाय, ह्याचं मला समाधान हाय. निम्मा गाव अजून राब भाजतो, सोडतील, मी बोलायची थांबणार थोडीच. गेल्या साली मुलाचं लग्न केलं. सून म्हणते, रोपांचे झुबके लावू नयेत, एकेक रोप लांब लावून बघते. मला नाय पटत. तरी वरचं एक खाचर तिला दिलंय, आणि तिच्याकडनं वचन कसलं घेतलं नाय. चुकली तर चुकू दे, खाली माजं भात हाय, सगळ्यांना पुरंल.