मुकादमाच्या दोन गोळ्या

…आणि गोळी केवढी? कॉलरच्या बटणाएवढी. तेवढ्यासाठी दोन धडधाकट माणसं, एक पिशवी, एक बोका आणि घरभर… पण थांबा, आधी माफी मागायची राहिली. शाळा लवकर सुटली माझी, त्यामुळे ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे ते मी अंदाजाने टाकतो. शब्दही साधेच, घरात वापरायचे. उभं राहून चार लोकांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते. पण जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लिहून आणा आणि इथे बाकांवर बसलेल्यांना वाचून दाखवा, एखाद्याचं जनावर वाचेल." बाईंचे आमच्यावर इतके उपकार आहेत की झाडावर चढून वाच म्हणाल्या असत्या तरी चढलो असतो.

तर तुम्हाला सांगतो, आमचं शिवणकामाचं दुकान आहे. घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. दोन मशीन, एक बाबांचं, एक माझं, एक कापायचं टेबल, एक इस्त्रीचं. आणि आमच्या आईचा बोका. मुकादम. दिवसभर कापायच्या टेबलावर बसून कोण काम करतंय आणि कोण टाळतंय ते बघायचं, एवढंच त्याचं काम, म्हणून मुकादम.

आता आमच्या घरात एक गंमत आहे. बाबा बोलत नाहीत. भांडण वगैरे काही नाही, स्वभावच. आणि मी त्यांचाच मुलगा. मशीनं समोरासमोर, मध्ये चार हात अंतर, पण बोलणं सगळं आईच्या हातून जायचं. ती स्वयंपाकघरातून डोकावली की बाबा म्हणणार, "त्याला विचार, काजं झाली का." मी समोरच बसलेला, पण मी आईला म्हणणार, "सांग त्यांना, झाली." आई म्हणायची, "मी काय तार ऑफिस आहे का रे?" तरी सांगायची बिचारी.

अशात मुकादमाला हृदयाचं दुखणं निघालं. रोज एक गोळी, जन्मभर. आई द्यायची. कशी द्यायची देव जाणे, आम्ही बघायलाही जायचो नाही. आणि मग ताईचं बाळंतपण आलं आणि आई निघाली तिच्याकडे. जाताना दारात उभी राहून म्हणाली, "गोळी चुकली तर मुकादम जाईल. आणि मुकादम गेला तर मी काही लवकर परत येत नाही." हे ती दोघांना उद्देशून म्हणाली. घोटाळा तिथेच झाला. एकाला म्हणाली असती तर…

पहिल्या सकाळी आम्ही दोघं मिळून लागलो. न बोलता. बाबांनी धरायचं, मी तोंड उघडायचं. गोळी केवढी? कॉलरच्या बटणाएवढी! मी जबड्याला हात लावला मात्र, मुकादमाला चारांचे चौदा पाय फुटले हो, एक बाबांच्या छातीवर, एक माझ्या अंगठ्यात, एक धाग्यांच्या खोक्यात, आणि सगळी रिळं घरंगळत रस्त्यापर्यंत. मग बाबांनी डोकं चालवलं, जाड कापडाची पिशवी शिवली, गळ्याशी नाडी, फक्त डोकं बाहेर राहील अशी. शिवण इतकी सुंदर की गिऱ्हाईक बघत राहिलं. मुकादम आत गेला, आणि ज्या वाटेने गेला त्याच वाटेने बाहेर आला, पिशवी आमच्या हातात.

मी मासळीत लपवून दिली. मासळी फस्त, गोळी चाटूनपुसून ताटलीत. लोण्यात दिली. लोणी फस्त. शेवटी आम्ही त्याला इथे घेऊन आलो. बाई म्हणाल्या, "त्यात काय, मान अशी वर, बोट असं, जिभेच्या मागे ठेवायची, घसा चोळायचा. झालं." आणि खरंच झालं! मुकादम त्यांच्या हातात धुवून पिळलेल्या फडक्यासारखा. मला तर वाटलं बोका बदलला. बाईंनी गोळ्यांचं एक नवं पाकीट दिलं, ते बाबांनी खिशात घातलं. जुनं आईचं पाकीट स्वयंपाकघराच्या फळीवर होतंच. हे लक्षात ठेवा, म्हणजे मी नाही ठेवलं ते.

पुढे काय झालं, एका सकाळी बाबा आंघोळीला गेलेले, मी इस्त्री नुकतीच बंद केलेली, आणि मुकादम येऊन त्या गरम टेबलावर पसरला. डोळे मिटलेले. मी मागून गेलो, एक शब्द बोललो नाही, मान वर, बोट आत, घसा चोळला… गेली! पोटात गेली! तुम्हाला सांगतो, आयुष्यात एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. पण सांगणार कुणाला? आई नाही. बाबांना थेट सांगायचं म्हणजे… जाऊ द्या. मी ठरवलं, रोज आपणच गुपचूप द्यायची. बाबांना कशाला ओरखडे.

तीन-चार दिवस छान गेले. मग एके दुपारी मुकादम टेबलावर चढायला गेला आणि चढलाच नाही. पुढचे पाय टेकवले, मागचे उचललेच नाहीत, आणि हळूच खाली बसला, जसं म्हातारं माणूस जिन्यात बसतं तसं. मी मशीन थांबवलं. बाबांनीही थांबवलं. एकाच वेळी. त्याचे कान हाताला गार लागले.

बाबांनी ती पिशवी घेतली, मुकादमाला आत ठेवलं, आणि या वेळी तो बाहेर आला नाही. त्याचंच भय वाटलं. आम्ही चालत नव्हतो, धावत होतो. बाबा, या वयात, गळ्यात टेप लटकलेली, पायात चपला नाहीत.

बाईंनी नाडी बघितली, हिरड्या बघितल्या आणि विचारलं, "गोळी कोण देतं?"

"मी," मी म्हणालो.

"मी," बाबा म्हणाले.

बाई एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे. "म्हणजे दोघं मिळून एक?"

आता काय सांगायचं? बाबा म्हणाले, "मी संध्याकाळी देतो. हा कपडे पोचवायला जातो तेव्हा. पोरगं घाबरतं त्याला, म्हणून." मी म्हणालो, "मी सकाळी."

"तुम्ही एकाच घरात राहता ना?" बाईंनी विचारलं.

बाबांनी गळ्यातली टेप गुंडाळायला घेतली हो.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी सुई टोचली, गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या, म्हणाल्या, "बाहेर बसा." हाच तो बाक, त्या टोकाचा, जिथे आजी पोपट घेऊन बसल्यात. बसलो. आईला काय सांगायचं, हा विचार दोघांच्याही डोक्यात, आणि सांगायला मध्ये आई नाही.

मग बाबा म्हणाले, "तू कशी देत होतास?"

मी म्हणालो, "इस्त्रीच्या टेबलावर. गरम असतं तेव्हा."

"हं. मी मांडीवर, मशीन चालू ठेवून. आवाजाने गुंगतो." आणि वर म्हणाले, "टेबलाचं मला नाही सुचलं."

आणि मग, खाली बघत, "तुझी काजं चांगली होतात. माझ्यापेक्षा. तुझ्या आईला सांगितलं होतं तुला सांगायला. गेल्या वर्षी."

"नाही सांगितलं तिने."

"विसरली असेल."

मी रात्री फोनवर आईला विचारलं. ती म्हणाली, "विसरले कशाला? म्हटलं, एवढं तरी स्वतःच्या तोंडाने सांगू दे माणसाला."

बाईंनी दोन दिवस मुकादमाला ठेवून घेतलं आणि उभा केला. बाई, हे तुमच्यासमोर बोलता येणार नाही म्हणून वाचून दाखवतोय: तुमचे हात देवाने फुरसतीत घडवलेत. तुम्ही बोका वाचवलात, आणि आमच्या घरात एकाचं तोंड उघडायला शिकवलंत ते दोघांचं उघडून दिलंत. आणि बाकांवरच्या सगळ्यांना, बाईंनी आम्हाला सांगितलं तेच सांगतो, घरात औषध कोण देतं ते मोठ्याने बोलून ठरवा. लाजू नका.

मुकादमाला घरी आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो, इस्त्री तापवली, मुकादम टेबलावर येऊन पसरला, डोळे मिटले, सगळं अगदी जागच्या जागी. आणि बाईंनी सांगितल्याप्रमाणे मी मोठ्याने म्हणालो, "बाबा, गोळी मी देतोय."

बाबा आतून म्हणाले, "दे, दे. तूच दे."

पुढच्या क्षणाला मुकादम कपाटावर. सगळ्यात वर, पाठ भिंतीला लावून. तेव्हा उमगलं, इतके दिवस गोळी पोटात जात होती ती आम्ही गप्प होतो म्हणून.

मग मी स्टुलावर चढलो. बाबांनी खालून स्टूल धरलं आणि बोलायला लागले. "डावीकडून घे. अरे, डावीकडून. घाई नको. शेपूट सोड. तुझी आई असं धरत नाही. हात लांब कर. एवढा लांब नाही…" कपडे न्यायला आलेलं गिऱ्हाईक दारातच थांबलं, तरी बाबा थांबले नाहीत. एक क्षण माझ्या मनात आलं, की यांचं आधीचंच बरं होतं. पण मी बोललो नाही.