जवळ कोणी आहे का?

नाही हो मावशी, फिनेल नाही— म्हणजे, फिनेलच. डॉक्टरांना फिनेल प्यायली म्हणून सांगितलंय ना, मग फिनेलच. दोन वर्षांची माझी रूथ, दिसेल ते तोंडात घालते— तुमच्या कर्जतच्या नातवंडांचंही तेच असेल. जरा हळू बोला. त्या दारापाशी बसल्यात ना, डोक्यावर पदर, प्रभूचा धावा चाललाय— त्या माझ्या सासूबाई. एक डोळा मिटलेला, दुसरा माझ्यावर.

मी? मी आता घरीच असते, शेवगावला. आधी सर्व्हे करायचे. मानसशास्त्रात बी.ए. आहे मी— हसा, मलाही हसूच येतं. शाळेतली पोरं तंबाखू खातात का, ती वाफेची इलेक्ट्रिक सिगारेट, ई-सिगारेट— बंदी आहे तिच्यावर, तरी मिळते— ती ओढतात का, हे विचारायचं. शाळेत कसं छान होतं! एका बाकावर एकच मूल, सर बाहेर, कागदावर नाव नाही, घडी घालून पेटीत. पोरं खरं लिहायची हो. वर्गात चार-पाच तरी ‘हो’ निघायचे. मग आला कोरोना, शाळांना कुलपं, आणि साहेब म्हणाले, घरून फोनवर विचारा. फोन कोणाचा? बापाचा. तोही स्पीकरवर. म्हणून एक नवा प्रश्न घातला, सगळ्यांत आधी विचारायचा— ‘आत्ता तुझ्याजवळ कोणी आहे का?’ पोरं म्हणायची, ‘नाही’, आणि मागून आई खोकायची. अख्ख्या तालुक्यात एक ‘हो’ मिळाला नाही मला. साहेब खूश— व्यसन कमी झालं! कमी कुठलं झालंय? ऐकणारे वाढले होते.

आणि ऐकणारे काय फक्त त्यांच्याच घरी? आमच्या दोन खोल्या. पडद्याच्या अलीकडे मी, पलीकडे माझा धाकटा दीर, सॅम— तेव्हा नववीत होता, मोबाईलवर शाळा. शाळेत पोरं प्रश्न मनात वाचायची, इथे मी मोठ्याने— ‘पेनासारखी असते, पाहिली आहेस का? पुदिन्याच्या वासाची? आंब्याच्या?’ दिवसभर हेच. त्याला इतिहास पाठ झाला नाही, माझे प्रश्न झाले. एकदा पडद्यातून डोकं काढून म्हणाला, ‘वहिनी, आंब्याची पण असती का ओ?’ मी हसले. लाडका आहे हो माझा. रूथला पहिलं पाऊल त्यानेच टाकायला लावलं. तो बघा, जिन्यापाशी— भिंतीकडे तोंड करून उभा आहे तो.

सकाळी रूथच्या तोंडाला आंब्याचा वास आला. मावशी, आंब्याचे दिवस आहेत का हे? मी आपली आधी स्वतःलाच म्हटलं, तुला उगाच भास होतात— मला होतात, पोर शिंकली तरी मी रात्रभर मोबाईलवर वाचत बसते. मग ओकली. लाळ गळायला लागली, पांढरीफटक झाली, हाताला झटके— आणि कॉटखाली ती बाटली, बोटाएवढी, वर आंब्याचं चित्र. त्या सिगारेटीत भरायचं निकोटीनचं पाणी. सॅम रडायलाच लागला. गाडीही त्यानेच आणली शेजारून. आणि सासूबाई तिचं तोंड धुता धुता मला म्हणाल्या, ‘नाव काढू नगंस. पोराची पोलीस भरती हाय. इख ते इख, डॉक्टर देतोय औषध.’

तोंड धुऊन आणलं आम्ही तिला इथे. कळतंय ना तुम्हाला?

डॉक्टरांनी विचारलं, काय प्यायली? सगळ्यांसमोर विचारलं. एका बाजूला सासूबाई, मागे सॅम. त्या म्हणाल्या, फिनेल. डॉक्टरांनी रूथचं तोंड हुंगलं, माझ्याकडे बघितलं— ‘फिनेलचा वास नाही येत. नक्की?’ आणि मी, बी.ए., हजार पोरांना विचारून आलेली बाई, मी म्हणाले, ‘नक्की.’ त्या फोनवरच्या पोरांसारखी. अगदी तोच आवाज निघाला माझा.

त्यांनी आधी ते विचारायला हवं होतं हो. पहिला प्रश्न. तो विचारलाच नाही त्यांनी.

काय? बाटली? ...आहे. पर्समध्ये, रूथच्या टोपीत गुंडाळून. फेकायला सांगितली होती मला. नाही फेकली. का, ते नका विचारू.

थांबा— दार वाजलं. तेच डॉक्टर. एवढ्या लगेच का आले बाहेर? त्यांचा चेहरा— मावशी, नाव काय म्हणालात तुमचं? रतनबाई. रतनबाई, उठा. सासूबाईंना खाली न्या. चक्कर येतेय म्हणा, चहा पाजा, काहीही करा. जाताना त्या पोरालाही न्या, हाताला धरून. नाही, माझ्याकडे बघत नका बसू. माझं बोलून झालंय. जा म्हणते ना!

डॉक्टर— अहो डॉक्टर, थांबा— आत्ता माझ्याजवळ कोणी नाही.