देवमासा अजून आला नाही

...आणि वर तुम्हीच म्हणायचं, "मजा आहे बुवा जिलची, जर्मनीला जाऊन आला!" मजा? हे पाय बघा माझे. हा आवाज ऐका, गंजक्या कप्पीतून दोर ओढावा तसा येतोय. मजा म्हणे! तुम्हाला सांगतो, जाळं ओढून माणूस दमतो, बोट धुऊन दमतो, पण ते दमणं निराळं, त्यात झोप तरी लागते. शाळेतली पोरं परक्या मुलखात सांभाळून जे दमायला होतं ना, त्यात डोळे मिटले तरी आत कुणीतरी हाका मारतच असतं. "सर, माझा मोबाइल! सर, यानं माझी टोपी नदीत टाकली! सर, जेवण कधी?" सर! मला! सातवीत शाळा सोडून बोटीवर चढलेल्या माणसाला! मी काय मास्तर आहे का?

मास्तरीण होती माझी ताई. इल्दाताई. तुम्ही सगळे होतात की मार्चमध्ये तिच्या मातीला, तुम्हाला काय सांगायचं. केवढी होती ती! दारातून आली की दार भरायचं, हसली की धक्क्यावरचे पक्षी उडायचे. आणि मी तिचा सख्खा भाऊ, हा असा, उन्हात विसरलेला सुका बांगडा. तर दर जूनमध्ये आपल्या गावची पोरं पोर्तुगालातून जर्मनीला न्यायची, तिथल्या घराघरांत ठेवायची, आणि सप्टेंबरात तिथली पोरं आपल्याकडे आणायची, हे सगळं तिनं एकटीनं उभं केलेलं. आपल्या कोळ्यांच्या पोरांना जगात दुसऱ्याही कुणाच्या घरी जेवता आलं पाहिजे म्हणायची. आणि गेली. तीन आठवड्यांत गेली. त्या डॉक्टरला मी... जाऊ दे. त्याच्याबद्दल नाही बोलायचं असं आईला सांगितलंय मी.

तर मी शाळेत कशाला गेलो होतो? तिच्या कपाटातल्या चपला आणि कॉफीचा कप आणायला. एवढंच! आणि हॉलमध्ये भरलेली पालकांची सभा. ग्रासिंदाबाई, आपल्या मुख्याध्यापिका, रुमालानं नाक पुसत म्हणतायत, "या वर्षी जर्मनीचं रद्द करावं लागेल. आणि खरं सांगायचं तर एकदा खंड पडला की मग कायमचंच. त्यांच्याकडे इटलीतली एक शाळा टपूनच बसलीय." सगळे पालक आपापल्या बुटांकडे बघतायत. आणि दारात मी उभा, एका हातात चपला, एका हातात कप, आणि माझं तोंड म्हणालं, "मी जातो."

माझं तोंड हो! मी नाही! माझं तोंड नेहमीच पुढे जातं, डोकं मागून धापा टाकत येतं. ताई म्हणायची, "जिल, बोलायच्या आधी एकदा नाकानं श्वास घे रे बाबा." घेतला का? नाही घेतला.

आता कायद्यानं एक शिक्षक बरोबर लागतो, म्हणून दिले आदेरितो सर. गणिताचे. फार सज्जन माणूस, पण गाडी लागते. साधी नाही लागत, उभी असलेली गाडी लागते! लिस्बनच्या विमानतळावर सरकत्या जिन्यावर त्यांनी माझा दंड धरला तो थेट जर्मनीत सोडला. तिथे जे आडवे झाले, ते परतीच्या दिवशी उठले. म्हणजे पोरं कुणाच्या गळ्यात? अन् मी काय मास्तर आहे का?

आता हजेरीचं ऐका, कारण सगळी भानगड तिथेच आहे. ताईची पद्धत अशी, की पहिल्याच दिवशी प्रत्येक पोराला एक मासा द्यायचा. ही तारली, तो बांगडा, तो माकूल, तो खेकडा, ती वाम. मग स्टेशन असो, चर्च असो, रस्ता असो, ताईनं टाळी वाजवली की सगळ्यात लहान माशापासून मोठ्यापर्यंत एकेकानं ओरडायचं. शेवटी मोरी, म्हणजे शार्क. आणि मोरीच्याही नंतर ताई स्वतः ओरडायची, "देवमासा!" तो आवाज आला की कळप भरला, आता पाय उचलायचा. त्याआधी कुणी हलायचं नाही. आग लागली तरी नाही, म्हणायची. हो, हेच शब्द, आग लागली तरी नाही.

विमानतळावर मी टाळी वाजवली. "तारली!" "बांगडा!" "माकूल!"... झकास चाललंय. "मोरी!" आणि मग... मग काही नाही. पोरं उभी. मी उभा. ती थोरली फिलोमेना, म्हणजे मोरी, जमिनीकडे बघतेय. मी म्हटलं, "चला." कुणी हलेना. मी म्हटलं, "चला रे, विमान सुटेल!" तर ती चिमुरडी बेनेदिता, म्हणजे तारली, हळूच म्हणते, "सर, संपलं नाही अजून." मग काय करता? एकेकाच्या पाठीत हात घालून ढकललं, बोटीवर पेट्या चढवतात तसं. दर स्टेशनावर तेच! हजेरी व्हायची, शेवटी भोक पडायचं, आणि मी ढकलायचो. हाताला घट्टे जाळ्यानं नाही पडले, पोरांच्या दप्तरांनी पडले.

"तूच ओरडायचं ना मग," म्हणताय? हां, सोपं आहे तुम्हाला. तुम्ही ओरडून दाखवा.

असो. तर लिंडेनरोडे गाव. छान आहे, स्वच्छ आहे, झाडं सरळ उभी राहतात. ओट्टेनबाई, म्हणजे ताईची तिथली जोडीदारीण, स्टेशनावर आल्या. पोर्तुगीज बोलतात, ताईकडूनच शिकलेलं. म्हणजे शब्द ताईचे, शिव्या ताईच्या, फक्त बाहेर पडतात जर्मन नाकातून. "ए गाढवा, बॅग सरळ धर!" म्हणाल्या आणि माझं काय झालं सांगू... मी बूट बांधायला खाली वाकलो. बुटाला नाडी नव्हती.

त्यांचे मुख्याध्यापक व्हिटकॉप. उंच, बारीक चष्मा, हात असा मिळवतात की आपण पावती घेऊन निघावं. ओट्टेनबाईंच्या तोंडून म्हणाले, "इल्दाबाईंच्या आठवणीखातर या वर्षी होकार दिला. पुढचं शेवटच्या दिवशी ठरवू. मुलांची सुरक्षितता बघून." आणि मला वरून खालपर्यंत बघितलं. म्हणजे कळलं ना? काही घोटाळा झाला की ताईचं सगळं बंद. ती गेली ती गेली, आता तिचं कामही जाणार, आणि ते कुणाच्या हातून? माझ्या!

आता जेवण. पहिल्या संध्याकाळी, उन्हं डोक्यावर असताना, ओट्टेनबाईंनी टेबलावर पाव ठेवला. चीज ठेवलं, काकडी ठेवली, थंड मटणाच्या चकत्या ठेवल्या. मी म्हटलं वा, सुरुवात बरी आहे. एक तुकडा खाल्ला. "अजून घे." "नको नको!" पोटात जागा ठेवायला नको? सूप येईल, मासा येईल, भात येईल... त्यांच्या नवऱ्यानं चीजवर झाकण ठेवलं. मी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसलो. त्यानं टेबल पुसलं. मी हसून दाराकडे बघतोय. तो म्हणाला, "शुभरात्री." दिवा घालवला! आणि खिशात मोबाइल थरथरायला लागला. माकूल: "सर, आमच्याकडे स्वयंपाक सुरूच नाही केला." वाम: "सर, यांच्या घरी कुणी आजारी आहे का? चूलच नाही पेटली." सगळ्याच्या सगळ्या पोरांनी एकेक तुकडा खाऊन "पोट भरलं" म्हटलेलं! गावभर घराघरांत आपली पोरं स्वयंपाकघराच्या दाराकडे टक लावून बसलेली! आणि दुसऱ्या दिवशी ती जर्मन माणसं एकमेकांना सांगतायत, "किती थोडं खातात हो हे लोक!"

सांगता आलं असतं की, म्हणाल. पण पाहुण्यानं मागून खायचं? आपल्यात? आई जीव घेईल.

मग आला रविवार, सगळी पोरं ओट्टेनबाईंच्या घरी माझ्याकडे जमलेली. आणि तो रविवार म्हणजे संत पेद्रूचा! आपल्या कोळ्यांचा संत! आज आपल्या गल्लीगल्लीत दारासमोर शेगड्या, धूर, तेल, भाजलेल्या तारल्या... आणि आम्ही इथे काकडी खातोय. बेनेदिता रडायला लागली. तिला बघून खेकडा रडायला लागला. एवढा दांडगा पोरगा, मिशी फुटलेला! मी नाकानं श्वास घेतला का? नाही घेतला. शनिवारी दुकानातून गोठवलेले बांगडे आणलेलेच होते, दगडासारखे. ओट्टेनबाई आणि नवरा त्यांच्या आईकडे गेलेले. तळघरात लोखंडी जाळी सापडली, विटा सापडल्या, कोळसा सापडला. आणि शेगडी पेटवली. कुठे? अहो, कुठे म्हणजे? दारासमोर, फुटपाथवर! संत पेद्रूच्या दिवशी शेगडी दुसरी कुठे पेटवतात?

तुम्हाला सांगतो, त्या गावात रविवारी माणसं दारसुद्धा हळू लावतात. आणि बांगड्याचं तेल कोळशावर पडलं... काय धूर! काय वास! मी पुठ्ठ्यानं वारा घालतोय, पोरं गाणी म्हणतायत, समोरच्या खिडक्या उघडतायत, मला वाटलं कौतुकानं उघडतायत, मी हात हलवतोय! आणि भोंगा वाजला.

आला अग्निशमनचा बंब. आता त्या गावात बंबावर पगारी माणसं नसतात हो, गावातलीच असतात. भोंगा झाला की बेकरीवाला पाव टाकून येतो, न्हावी वस्तरा टाकून येतो. आणि सगळ्यात पुढे, शिरस्त्राण घालून उडी मारून उतरले कोण? व्हिटकॉप! बारीक चष्म्यासकट! मी मनात म्हटलं, झालं. संपलं. ताई, माफ कर.

तेवढ्यात भोंगा ऐकून ओट्टेनबाई आईकडून धावत आल्या, धापा टाकत. व्हिटकॉप ओरडले, त्या म्हणाल्या, "विचारतायत, सगळी मुलं बाहेर आहेत का?"

"आहेत!"

"मोज म्हणतायत. आत्ता, त्यांच्यासमोर."

वाजवली टाळी. धुरातून आवाज, "तारली!" "बांगडा!" "माकूल!" "खेकडा!"... बंबवाले बोटांवर मोजतायत. "मोरी!" आणि मग नेहमीसारखं... काही नाही. पोरं ताठ उभी. कुणी हलेना. व्हिटकॉप म्हणाले, "झालं?" आणि ती तारली, देवाशप्पथ, खरं बोलणारं लेकरू ते, खाली बघून शाळेत शिकलेल्या इंग्रजीत म्हणते, "नाही. देवमासा अजून आला नाही."

बस! एक मूल कमी! व्हिटकॉपनी शिरस्त्राणाची काच खाली ओढली, बेकरीवाला आणि न्हावी ओट्टेनबाईंच्या घरात घुसले, बाहेरून भिंतीला शिडी लागली. ओट्टेनबाईंनी सांगायला पाहिजे होतं, पण त्यांनी तोंडावर रुमाल दाबलेला, खांदे हलतायत. आणि वरच्या मजल्यावरून हाका ऐकू यायला लागल्या. दारं उघडतायत, पलंगाखाली बघतायत, आणि हाका मारतायत, "देवमासा! देवमासा, कुठे आहेस?"

हसा, हसा. मीही हसलो असतो.

माझ्या ताईला शोधत होते हो ती माणसं. शिडी लावून. खोलीखोलीत. मार्चपासून सगळे मला सांगतायत, गेली, आता सावर, आता विसर, आईकडे बघ. आणि हे कोण कुठले, न्हावी आणि बेकरीवाले, धुरात शिरून तिला हाका मारत होते. आणि खरं सांगू? मी त्यांना थांबवलं नाही. वाटलं, शोधू दे ना. एवढी माणसं शोधतायत. सापडली तर?

मग खिडकीतून न्हाव्यानं डोकं बाहेर काढलं, घामाघूम, भेदरलेला, आणि मान हलवली. नाही म्हणून.

आणि माझं तोंड... हो, तेच माझं तोंड, डोक्याच्या आधी, ओरडलं, "देवमासा!"

कसला आवाज तो! मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा. "देवमासा! आहे! इथे आहे!" आणि सगळी पोरं, तुम्हाला सांगतो, एकदम हलली. जूनभर अडकलेला श्वास सुटावा तशी. कळप भरला होता ना! हलली आणि सरळ शेगडीवर तुटून पडली.

ओट्टेनबाईंनी मग व्हिटकॉपना बाजूला नेऊन काय सांगितलं मला माहीत नाही. त्यांनी शिरस्त्राण काढलं. चष्मा पुसला, बराच वेळ पुसला. मग फुटपाथच्या कडेला बसून बांगडा खाल्ला, बोटांनी, काटे चोखून. बेकरीवाल्यानं पाव आणले. शेवटच्या दिवशी निकाल दिला, ओट्टेनबाईंच्या तोंडून, "पुढच्या वर्षीही चालू. एक, शेगडी मागच्या अंगणात. दोन, देवमासा बदलायचा नाही."

बदलायचा नाही! म्हणजे पुढच्या जूनमध्येही मीच, आणि सप्टेंबरात त्यांची पोरं येणार तेव्हाही मीच! आदेरितो सरांना म्हटलं, पुढच्या वेळी पोरांना बसनं तुम्ही न्या, तर ते नुसतं "बस" हा शब्द ऐकून खाली बसले.

आणि आता इथे तरी सुख आहे का? सकाळी बोटीवरून उतरतो, अंगात त्राण नाही, आणि समोरून शाळेला निघालेली ती कार्टी धक्क्यावर थांबतात. "तारली!" "बांगडा!" "माकूल!"... मोरीपर्यंत येतात आणि गप्प उभी राहतात, माझ्याकडे बघत. शाळेची घंटा वाजतेय, हलत नाहीत. ग्रासिंदाबाई गेटातून ओरडतायत, हलत नाहीत. आई खिडकीत येऊन उभी राहते, तीही हलत नाही.

मी काय मास्तर आहे का? नाही ना? देवमासा तरी आहे का? बघा की माझ्याकडे, सुका बांगडा मी!

...पण घंटा झालेली असते. ओरडतो. करतो काय.