अंगठ्याच्या डबीची पूजा

...नाही, पण मला एक सांगा, दसऱ्याला यंत्राला कुंकू लावणं हा काय गुन्हा आहे का? तुम्ही नाही लावत? गाडीला लावता, फ्रिजला लावता, आमच्या सोसायटीत तर एकाने लिफ्टच्या बटणांना लावलं, दिवसभर माणसं लाल बोटं घेऊन फिरत होती, त्याला कोणी काही बोललं? नाही. आणि मी लावलं तर अख्खं रबाळे मला ओळखायला लागलं! शेजारच्या कंपनीचा वॉचमन ओळखतो, टपरीवाला ओळखतो. "कुंकूवाले साहेब, कटिंग?" असं विचारतो हो तो... ह्या वयात!

तुम्हाला सांगतो, मुळापासून सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल ह्या माणसाला अक्कलच नाही. बी.कॉम. आहे मी. नंदकुमार भिलारे. रबाळ्याला बाटल्यांची झाकणं बनवणारी आमची कंपनी, तिथे हिशेब मी बघतो, ऑफिस मी बघतो, आणि कॉम्प्युटरवर जे सॉफ्टवेअर आहे ना, बिलं, माल, पगार, सगळं ज्याच्या पोटात असतं ते, त्याचा ॲडमिनही मीच. ॲडमिन म्हणजे कोणी आत शिरायचं आणि कसं शिरायचं हे ठरवणारा. किल्लेदारच म्हणा ना.

आता पूर्वी आत शिरायला पासवर्ड होता. प्रत्येकाला वेगळा दिलेला, पण लक्षात कोण ठेवतो? सगळे माझाच वापरायचे. आणि माझा काय होता? अरुणा. माझ्या बायकोचं नाव. प्रेमाने ठेवलं होतं हो! पण पुढे काय झालं, बिलं करणारी प्राची टेबलावरून ओरडणार, "काका, अरुणा लागत नाहीये!" तिकडून मशीनवरचा बाजीराव ओरडणार, "आरं, पयलं अक्षर मोठं घ्या!" कोणीतरी म्हणणार, सकाळी तर अरुणा चालत होती. आणि हे सगळं एकदा घरून फोन आलेला असताना. पलीकडे साक्षात अरुणा. संध्याकाळी मला ताट वाढताना तिने शांतपणे विचारलं, कंपनीत माझं नाव कोण कोण घेतं? काय सांगू? पॅकिंगची पोरं सोडून सगळेच घेतात, असं सांगू?

म्हणून ठरवलं, हे बंद. आणि खरं सांगू का, आतलं कारण वेगळंच होतं. दिवाळीनंतर माझी निवृत्ती. मालक राजवर्धन, वयाने माझ्या मुलाएवढे, त्यांच्या वडिलांनी मला नोकरीवर घेतलेलं, ते म्हणाले होते, काका, तुम्हाला अजून ठेवायचं का ते दसऱ्याच्या पूजेला सांगतो. झालं! माझी झोप उडाली. घरी बसून काय करू मी? भाजी निवडू? मला दाखवायचं होतं की म्हातारा मॉडर्न आहे. समजलं ना?

तर सॉफ्टवेअरवाल्यांची क्षिप्रा म्हणून मुलगी आली महापेहून. हुशार पोरगी. तिने स्क्रीनवर दाखवलं, लॉगिनचे प्रकार असे असे. पासवर्ड आहे, मोबाईलवर येणारा ओटीपी आहे, आणि ही काचेची डबी, हिच्यावर अंगठा ठेवायचा. ज्याच्यापुढे टिक ती पद्धत चालू. आणि बजावून गेली हो, एकदा नाही, दारात चपला घालताना पुन्हा, "काका, अंगठा ठेवा, पण दुसरा एक रस्ता उघडा असू द्या." मी म्हटलं, मॅडम, दोन दारं ठेवली की चोराची सोय. ती गेली आणि मी पासवर्डची टिक काढली. ओटीपीची काढली. अंगठाही नोंदवला तो फक्त माझा, उजवा, किल्लेदार मीच ना! वर सॉफ्टवेअर विचारतंय, नक्की का? मी म्हटलं, नक्की. त्याने परत विचारलं. बिचारं यंत्र, त्यालासुद्धा शंका आली, पण मला नाही आली! तेव्हा लक्षात ठेवा, पुढे जे काही झालं, ते सेटिंग कोणी केलं होतं? मी. मीच केलं होतं.

आला दसरा. तुम्हाला माहितीये आमच्याकडची पद्धत, मशीनं धुऊन पुसून झेंडूच्या माळा, कामगार बायकापोरांना घेऊन येतात, पेढे, नारळ. अरुणाही आली होती, नवी साडी नेसून. मशीनची पूजा बाजीरावने केली. मग मला काय सुचलं देव जाणे, मी ती डबी आणली, पाटावर मांडली आणि भाषण ठोकलं. आपलं खरं हत्यार आता हेच, वगैरे वगैरे. आणि लावलं गंध, लावली हळद, कुंकू चांगलं ओलं कालवून अंगठ्याने काचेवर मधोमध, जिथे अंगठा ठेवायचा बरोब्बर तिथेच! वर अक्षता. वर आंब्याच्या पानाने पाणी शिंपडलं. बारका हिरवा दिवा होता तिला, तो लाल झाला, मग विझला. मला वाटलं, प्रसन्न झाली! आणि शेवटी काय म्हणालो माहितीये? आज हत्यारं विश्रांती घेतात, उद्यापर्यंत हिला कोणीही हात लावायचा नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मालकांनी घसा साफ केला, म्हणाले, आता काकांच्या बाबतीत दोन शब्द...

आणि प्राचीचा फोन वाजला.

आमचा एक कंटेनर होता, परदेशातलं आमचं पहिलंच गिऱ्हाईक, मालकांच्या वडिलांचं स्वप्न म्हणा ना. संध्याकाळच्या आत बंदराच्या गेटमधून आत गेला नाही तर जहाज सुटणार, ऑर्डर गेली. आणि गाडी पडली बंद जासईला. कुंदन ड्रायव्हरने दुसरी गाडी मिळवली, कंटेनर चढवला, पण कागदावर नंबर जुन्या गाडीचा! नवा नंबर टाकून कागद पाठवायचा, बस. एका मिनिटाचं काम. प्राची कॉम्प्युटरवर बसली. स्क्रीन म्हणाली, अंगठा ठेवा. प्राचीने पाटाकडे बघितलं. सगळ्यांनी पाटाकडे बघितलं. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

काय सांगू तुम्हाला, जमीन दुभंगेल तर बरं असं वाटलं. ते रामायणात असतं, रबाळ्यात नसतं. तिथे सिमेंट आहे.

मी क्षिप्राला फोन लावला. पासवर्डने उघडता येईल का? नाही काका, बंद आहे. ओटीपी? तोही बंद आहे. म्हटलं, तुम्ही तुमच्याकडून काही करा ना हो. तर ती म्हणते, "काका, आम्हाला ॲडमिनच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही. आणि ॲडमिनने परवानगी द्यायची तर आधी आत यायला लागेल." ॲडमिन कोण? मी. सेटिंग कोणी केलं? मी! फोन स्पीकरवर होता हो. माझी बायको ऐकतेय, मालक ऐकतायत, पेढे खाणारी लहान पोरं ऐकतायत.

म्हटलं डबी पुसून बघू. तर बाजीराव आडवा. केलेली पूजा पुसायची नसते, साहेब, आन् तुमीच म्हनालात उद्यापर्यंत हात लावायचा न्हाई. झालं, दोन पार्ट्या पडल्या! एक म्हणे अपशकुन, एक म्हणे कंटेनर. शेवटी मालक हळूच म्हणाले, काका, तुम्हीच केलीत, तुम्हीच पुसा. म्हणून मी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, सगळ्यांदेखत, माझ्या खिशातल्या रुमालाने माझी पूजा पुसली. दिवा लागला का? नाही लागला. पाणी आत शिरलेलं! शिंपडलं कोणी? सोडा, तुम्हाला माहितीये.

मग ती क्षिप्रा, सणाच्या दिवशी, केसात गजरा, घरचं श्रीखंड-पुरीचं ताट टाकून स्कूटीवरून नवी डबी घेऊन आली. दारात चपला काढताना एकदा पाटाकडे बघितलं, बस. बोलली असती तर बरं झालं असतं, मी तेवढं तरी ऐकून घेतलं असतं. डबी जोडली, दिवा हिरवा. म्हणाली, ठेवा अंगठा. ठेवला. घेईना! का? अंगठाभर वाळलेलं कुंकू, रेघा दिसायला नकोत त्याला? साबण झाला, लिंबू झालं, शेवटी बाजीरावने प्रिंटिंगचं थिनर आणलं आणि माझा हात धरून अंगठा घासायला बसला, पोराचं नाक पुसावं तसा. तिकडून कुंदनचा फोनवर फोन, साहब, गेट बंद हो जाएगा. मी घाम पुसतोय, अरुणा पदराने वारा घालतेय... आणि टिंग! घेतला. उघडलं. प्राचीने नंबर टाकला, कागद गेला, कंटेनर अगदी शेवटी शेवटी आत शिरला. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशाला? तर एका बी.कॉम. माणसाला अंगठा लावता आला म्हणून!

मालक मला बाजूला घेऊन गेले. मी आधीच म्हटलं, मालक, चूक माझी आहे, दिवाळीनंतर येत नाही. तर ते रागावले नाहीत. रागवायला पाहिजे होतं हो, एवढं चांगलं वागतं का कोणी? म्हणाले, क्षिप्राशी बोललो, आता कुलूप दोन माणसांचं. आधी प्राचीचा पासवर्ड, मग तुमचा अंगठा. म्हणजे एकट्याने कोणाला काही बिघडवता येणार नाही. "एकट्याने कोणाला" म्हणाले, पण बघितलं माझ्याकडे. काम प्राची करेल, काका. तुम्ही राहा. रोज यायचं, अंगठा लावायचा.

मिळाली मुदतवाढ. जी मागायला एवढा उपद्व्याप केला, ती मिळाली. अरुणाने पेढे वाटले. मला काही तो गोड लागेना.

कारण काय, घरी अण्णा आहेत. माझे वडील, हौसेराव. साताऱ्याहून आलेले, धान्याच्या मार्केटात जन्मभर पाठीवर पोती वाहिली. पगाराला अंगठा लावायचे. आणि परत येताना तो निळा अंगठा भिंतीला घासत यायचे, कोणी बघू नये म्हणून. मला म्हणायचे, नंदू, तू शीक बाबा, ही पाळी तुझ्यावर नको. सोनं देऊन त्यांच्या पाया पडलो, तर त्यांनी माझा हात धरला. अंगठा अजून लालच. म्हणाले, ह्ये काय रं? म्हटलं, अण्णा, नोकरी वाढली. काम काय? आता ह्यांच्याशी खोटं कसं बोलू? खाली मान घालून म्हटलं, अंगठा लावायचा.

अण्णांनी हात सोडला नाही. मला वाटलं, आता म्हणणार, मग शिकलास कशाला. पण त्यांनी माझा अंगठा उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, "शाई लागती का रं अजून?"

म्हटलं, नाही अण्णा, आता शाई लागत नाही.

"मंग," म्हणाले, "सुदारना झाली म्हनायची."