फोटोतला बावीस नंबर

हॅलो?... हो, बोलतेय. कोण?... अगं मॉनिटर, तू! अठ्ठावीस वर्षांनी फोन, आणि आवाजातला दरारा तस्साच!... हो, चष्म्याच्या दुकानातच आहे. एका आजोबांचे डोळे तपासतेय. एक मिनिट हं... आजोबा, डावा डोळा झाका. डावा. हां, आता तिसरी ओळ वाचा... बोल.

अभिनंदन? कशाबद्दल?... माझा फोटो? पेपरात?... अजून घडीसुद्धा मोडली नाही गं. थांब... कितवं पान?... अय्या! हा तर आपला दहावीचा फोटो. आणि माझ्या तोंडाभोवती हा लाल गोल कुणी काढला?... वाचते ना, दम धर... 'सभागृहं हसवून सोडणारी ही कलाकार शाळेत असताना...' अगं, ही गोगलगायीची बातमी आहे! माझं तोंड काय करतंय इथे?

हो, हो... अगं ऐक ना, मला काहीच कळेनासं झालंय. गोगलगाय म्हणजे माझ्या बाकावरचीच ना? बाईंनी उभं केलं की नुसती रिबीन चावत राहायची? हजेरीला 'हजर'सुद्धा तिच्या वतीने मी म्हणायचे!... ती स्टेजवर दोन तास बोलते? एकटी?... कुठली? ती जाड हिरव्या फ्रेमवाली? अगं, 'तिच्यासारखी फ्रेम दाखवा' म्हणून रोज दोघी-तिघी येतात माझ्याकडे! कपाटभर विकल्या मी, आणि मला पत्ताच नाही?

बरं, पण फोटोत वर मी आणि खाली नाव तिचं, असं कसं?... नावं तू लिहिली होतीस ना?... हजेरीपटावरून? म्हणजे कोण उभंय ते न बघता, नंबराने उतरवत गेलीस?... अगं, नंबरानेच उभ्या होतो आपण; ती बावीस, मी तेवीस. आणि बावीस नंबर फोटोतच नाहीये! म्हणून तिच्यापासून सगळ्यांची नावं एकेक घर पुढे सरकली. शेवटी बघ... हे काय! आपल्या खो-खोच्या कॅप्टनचं नाव शिपाईकाकांच्या खाली! मिशांसकट!... खरंच, इतकी वर्षं कुणाला दिसलं नाही? आपापलं तोंड बघितलं आणि फोटो ठेवून दिला.

आजोबा, उजव्याने वाचा आता... नाही, पाठ झालंय म्हणून नाही चालत.

काय विचारलंस?... ती का नव्हती, ते मला काय माहीत? आली नसेल त्या दिवशी... तू नंबर पुकारले होतेस? हो... बावीसला 'हजर' ऐकलंस?... असेल बाई. आठवत नाही.

तुझ्याकडे कुणी आहे का गं? हसल्यासारखं वाटलं... टीव्ही? बरं.

उद्या? शाळेत तिचा सत्कार? आणि हाच फोटो मोठा करून दारात?... गोलासकट?... अगं, थांबव ना त्यांना! सांग, ही ती नाही म्हणून... सांगितलं की विचारणारच ना, मग ती कुठंय!

ऐक. कुणाला बोलू नकोस. मी पाठवलं होतं तिला. माझे केस विस्कटलेले आणि कंगवा वर्गात राहिलेला. म्हटलं, पळ, आण. दोन जिने होते. ती कधी कुणाला नाही म्हणाली का? तेवढ्यात तू नंबर पुकारलेस आणि बावीसला मी 'हजर' म्हटलं... सवयीने गं... नाही, सवयीने नाही. ऊन लागत होतं, फोटो उरकायला हवा होता. ती कंगवा घेऊन धापा टाकत आली, तेव्हा बाकं आत नेत होते. काही बोलली नाही. मीही कंगवा मागितला नाही. लाज वाटली.

नाही, मी येणार नाही उद्या. काय तोंड दाखवू तिला?... हो, तोंड दारात लागणारच आहे, माहितेय. चेष्टा पुरे.

परत! कोण हसतंय? हा टीव्ही नाहीये... स्पीकरवर आहे फोन? कुणासमोर?... हॅलो?... कोण?

गोगलगाय?

सगळं ऐकलंस?... हो. मीच म्हटलं होतं. चुकलं गं माझं. फार चुकलं... नाही, बोल तू, मी ऐकतेय... तुझ्याकडे आहे? अजून? निळा, दोन दात तुटलेला?... अगं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?... हो, तेही खरंच. मी विचारलं कुठे!

उद्या परत फोटो? सगळ्यांचा?... येते. येते गं. आणि नंबर ही मॉनिटरच पुकारणार?... पण या वेळी तुझं तूच म्हण हं, मी तोंड उघडणार नाही... उद्या कशाला, आत्ताच म्हण.

बावीस?... अंहं, नीट ऐकू आलं नाही. मोठ्याने...

हां. आता आलं. ठेवते.